बिननावाचं बटण

तुमच्या फोनमध्ये मी असेन किंवा नसेन, पण माझे भाऊबंद मात्र नक्की असतील. मी एक बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, त्याला टेकायला निदान काज तरी असतं. मी काचेमागचं बटण. बोट लावलंत तर काम होतं, नाही लावलंत तर मी आपला गप्प पडून. व्याकरणाच्या हिशेबाने मी ‘बोलतंय’ म्हणायला हवं, हे मला ठाऊक आहे. पण जन्मात एकदा बोलायची संधी मिळाली आहे, तेव्हा तेवढी चूक पोटात घाला.

माझा जन्म एका दुरुस्तीच्या दुकानात, माळ्यावरच्या खोलीत झाला. खाली नळ, वायसर, पंख्यांची पाती, कुलपं, धुलाई यंत्रांचे पट्टे यांनी भरलेली फडताळं, आणि सकाळी आठला हत्यारांच्या पिशव्या खांद्याला लावून बाहेर पडणारे बावीस कारागीर. मालक स्वतः एके काळी नळ जोडायचे. आता कित्येक वर्षं त्यांनी नळाला हात लावला नव्हता, तरी मागच्या खिशात पक्कड असायचीच. त्यामुळे ते ज्या ज्या खुर्चीत बसत, त्या खुर्चीचं कापड एकाच जागी फाटलेलं असे. सगळे त्यांना पक्कडमामा म्हणायचे.

मला बनवलं त्यांच्या मुलीने. तिला घरीदारी ‘धाकटी’ म्हणत. मग थोरली कोण, असं कुणी विचारलं तर तिची आई सांगायची, “थोरली म्हणजे हे दुकान. ती जन्मली तेव्हा यांनी पेढे वाटले, ही जन्मली तेव्हा हे गिझर बसवायला गेले होते.” धाकटीने फोनच्या पडद्यांची आखणी कशी करायची याचं शिक्षण घेतलं होतं, आणि दुकानाचं अ‍ॅप हे तिचं पहिलं स्वतंत्र काम होतं. खाणं विसरून करायची ती. माझ्यासाठी तिने जांभळ्याच्या अकरा छटा लावून पाहिल्या आणि शेवटी सगळ्यांत फिकी निवडली. पांढऱ्यावर जेमतेम उमटणारी. एक नाजूक वर्तुळ, त्यात केसाएवढ्या रेघेचा पाना. शब्द एकही नाही.

“शब्दांनी गर्दी होते,” ती म्हणाली.

मी स्वतःवर जाम खूश होतो. का नसावं? त्या अ‍ॅपमध्ये पन्नासेक बटणं होती, पण माणूस बोलवायचं काम माझ्याकडे होतं. मला दाबलं की कारागीर निघणार. पक्कडमामांनी फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला, परत लांब नेला आणि म्हणाले, “वा! छान.”

त्या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, मावशींचं टेबल होतं. त्यावर दुकानाचा टेलिफोन, ब्रेलची पाटी, कागदाला टोचे मारायचा टोचा आणि पत्र्याचा एक डबा. मावशी सहा वर्षांच्या असताना तापात त्यांची दृष्टी गेली. दुकानात त्या चोवीस वर्षं होत्या. कुणी नुसतं “हॅलो” म्हटलं की त्या म्हणायच्या, “काय हो, परत तोच गिझर?” कुठल्या घरात कुत्रा आहे, कुठे दुपारी बाळ झोपतं म्हणून घंटा वाजवायची नाही, कुठला गृहस्थ कारागिराच्या डोक्यावर उभं राहून सूचना देतो आणि त्याच्याकडे कुठला शांत माणूस पाठवावा, हे सगळं त्यांच्या डोक्यात.

धाकटी लहानपणी शाळा सुटल्यावर याच टेबलाखाली बसून चित्रं काढायची. मावशी तिला विचारायच्या, “आज काय काढलंस?” आणि ती रंगांसकट सांगायची. इतकं जुनं नातं.

अ‍ॅप बाजारात आणायच्या आधी मामांनी एक सल्लागार नेमला होता. कडक इस्त्रीचा माणूस. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, “अ‍ॅप आल्यावर टेलिफोन कशाला? एका घरात दोन चुली कशाला पेटवायच्या? तीन महिने द्या, मग तो नंबर बंद.”

“आणि मावशी?” मामांनी विचारलं.

“कोठारात घ्या त्यांना. स्क्रू वेगवेगळे करायला. त्यांच्या बोटांना सवय आहेच.”

मावशी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी टोचा खाली ठेवला आणि “बरं” एवढंच म्हणाल्या. मामा जमिनीकडे बघत राहिले. धाकटीने कानात हेडफोन घातले होते. तिने हे ऐकलं की नाही, कोण जाणे.

अ‍ॅप सुरू झालं. पहिल्या महिन्यात चार हजार लोकांनी ते घेतलं. दुकानात आनंदीआनंद. मी तर चार हजार घरांत एकाच वेळी जाऊन बसलो! आणि तिथेच माझी फजिती सुरू झाली.

एका घरी एक निवृत्त घड्याळजी होते. त्यांनी फोनमधली अक्षरं वाटाण्याएवढी मोठी करून ठेवली होती. ती अक्षरं पडद्यावर पसरली आणि त्यांनी मला ढकलत ढकलत पार काठाबाहेर लोटलं. आजोबा खाली-वर शोधत राहिले आणि मी काठाच्या पलीकडून ओरडत राहिलो. एक रंगारी उंच शिडीवर भर उन्हात उभा होता. घरी नळ फुटल्याचा बायकोचा फोन आला होता. त्याने अ‍ॅप उघडलं. उन्हात माझा फिका जांभळा पांढऱ्यात विरघळून गेला. त्याने फोन उलटासुलटा केला, फुंकर मारली, शर्टाला पुसला. शेवटी वैतागून खिशात टाकला. आणि एक आई, एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात फोन. मी वर कोपऱ्यात बसलेलो. तिचा अंगठा माझ्यापर्यंत पोचेना. पोचला तो शेजारच्या ‘रद्द’वर. दोनदा. तिसऱ्यांदा ती जे बोलली ते मी इथे सांगत नाही, बाळाच्या कानावर पडलं तेवढं पुरे.

चार हजार माणसं माझ्या दारापर्यंत यायची आणि परत फिरायची. अ‍ॅपवरून येणारी कामं दिवसाला दहा-बारा.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी बैठक भरली. तपासणीसाठी एक फोन टेबलावर कायम उघडा असायचा, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. सल्लागार म्हणाला, “लोकांना सवलत दाखवा. वरच्या बाजूला सरकती पाटी लावा. चमकणारी.”

“मी बोलू का थोडं?” कोपऱ्यातून मावशींनी विचारलं.

सगळ्यांनी माना वळवल्या. मावशी पत्र्याचा डबा घेऊन उठल्या आणि खुर्च्यांच्या मधून, कुठेही न अडखळता, टेबलापाशी आल्या. डब्यात ब्रेलची कार्डं होती. आलेल्या प्रत्येक फोनचं एक कार्ड टोचून ठेवायची त्यांची जुनी सवय.

“या महिन्यात मला चारशे बारा फोन आले,” कार्डांवरून बोटं फिरवत त्या म्हणाल्या. “त्यातल्या दोनशे साठ लोकांच्या हातात फोन करताना आपलं अ‍ॅप उघडं होतं. सगळ्यांचा एकच प्रश्न. ‘उघडलंय, आता पुढे काय करू?’”

“वयस्कर माणसं असतील ती, मावशी,” धाकटी म्हणाली. “त्यांना अ‍ॅप जमत नाही.”

“त्यातली एक बाई विमानांची इंजिनं तपासते ग. चौतीस वर्षांची आहे. तिला इंजिन जमतं आणि तुझं अ‍ॅप जमत नाही?”

कुणीतरी खुदकन हसलं. धाकटीचे कान लाल झाले.

“दे बरं तो फोन,” मावशींनी हात पुढे केला.

तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, फोनमध्ये एक बोलकी सोय असते. ती चालू केली की पडद्यावर बोट जिथे फिरेल तिथे काय आहे ते फोन वाचून दाखवतो, आणि दोनदा टकटक केली की ते दाबलं जातं. न बघता फोन वापरणारी माणसं त्या आवाजाच्या भरवशावर सगळी कामं करतात. मावशींनी ती सोय चालू केली आणि आमच्या अ‍ॅपवरून बोट फिरवायला लागल्या.

“बटण तेरा,” फोन म्हणाला. “चित्र. चित्र. बटण चौदा. चित्र.” मावशींचं बोट हळूहळू वर आलं. आता माझी ओळख होणार! बोट माझ्यावर टेकलं.

“बटण सदतीस.”

“सदतीस म्हणजे काय असतं ग?” मावशींनी विचारलं.

धाकटी हळूच म्हणाली, “तेच मुख्य आहे, मावशी.”

या वेळी सगळेच हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने मी मानकऱ्याच्या थाटात बसलो होतो, आणि मला साधं नावसुद्धा नव्हतं. चित्र होतं, पण ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्या लेखी मी म्हणजे तुरुंगातल्या कैद्यासारखा एक आकडा.

हसण्याने धाकटीचा तोल गेला. “हे अ‍ॅप काही दृष्टी नसलेल्या लोकांसाठी केलेलं नाही, मावशी! असे ग्राहक असून असून असणार किती आपल्याकडे?”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मामांनी पक्कड खिशातून काढली, परत ठेवली.

मावशी रागावल्या नाहीत. कार्डं नीट लावत म्हणाल्या, “जो माणूस दारातून परत जातो, त्याची नोंद तू कुठल्या वहीत करतेस? कुठल्याच नाही. मग ते किती आहेत हे तुला कळणार कसं?” डब्याचं झाकण लावलं आणि त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. टेलिफोन वाजत होता.

त्या रविवारी धाकटी घरी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहिली. ओट्याचा नळ आठवडाभर ठिबकत होता. नळाचा कारागीर बोलवायचा, पण न बघता, असं तिने ठरवलं. बोलकी सोय चालू केली, डोळ्यांवर ओढणीची घडी बांधली. मी तिच्या फोनमध्ये श्वास रोखून बसलो.

“चित्र. बटण नऊ. चित्र. बटण एकवीस.”

“हे एकवीस काय होतं? मीच तर काढलंय!” ती पुटपुटली. मला शोधायला तिला वीस मिनिटं लागली. सापडलो तेव्हा तिने इतक्या जोरात दोनदा टकटक केली की काच तडकते की काय असं मला वाटलं. “पाठवलं!” असं ओरडून तिने ओढणी सोडली आणि आंघोळीला गेली.

पाऊण तासाने दारात चार माणसं उभी. गमबूट, पंप, ब्रश, हाताएवढ्या जाडीचा पाइप. मला शोधताना धाकटीचं बोट भलत्याच बटणावर पडलं होतं; तिने नळाऐवजी ‘पाण्याची टाकी साफ करणे’ बोलावलं होतं. दुकानातलीच माणसं, मालकांच्या घरचं काम म्हणून सुटीच्या दिवशी धावत आलेली. कुणाला काही न विचारता ती थेट गच्चीवर गेली आणि त्यांनी टाकी रिकामी केली.

आई नुकतीच कपड्यांना साबण लावून बसली होती. तिने नळ सोडला. नळ खाकरला आणि थांबला. आत न्हाणीघरातून धाकटीची आरोळी आली, “आई, पाणी गेलं! माझ्या डोक्याला शाम्पू आहे!”

“कुणी बोलावलं यांना?” आईने जिन्यातून वर बघत विचारलं.

“अ‍ॅपवरून आलंय, काकू,” वरून उत्तर आलं. “तातडीचं आहे असं लिहिलंय.”

शेजारून दोन बादल्या मागून आणल्या, डोकं धुऊन झालं, आणि मग घरात चौकशी बसली. धाकटीने सगळं सांगितलं. आई हसून हसून बेजार. मामा मात्र हसले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

“बाबा, तुम्हाला तर पहिल्या दिवशी छान वाटलं होतं ना ते बटण?”

“छानच होतं,” मामा म्हणाले. “दिसत नव्हतं एवढंच.”

“म्हणजे?” धाकटीने विचारलं.

“मला त्या पांढऱ्यावर काहीच दिसलं नाही, बाळा. पण तू इतक्या हौसेने दाखवत होतीस. म्हटलं, असेल काहीतरी. मालकालाच दिसत नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील?”

धाकटीने फोन हातात घेतला, वडिलांनी धरला होता तसा हातभर लांब धरला आणि डोळे बारीक केले. मी तिच्याकडे बघत होतो; ती मला शोधत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शाम्पूचं होतं असं ती आईला म्हणाली.

सोमवारी सकाळी ती मावशींच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“मावशी, त्या दिवशी मी जे बोलले...”

“फोन वाजतोय,” मावशी म्हणाल्या. “दुसरा हेडफोन तिथे आहे. बस आणि ऐक.”

आठ दिवस धाकटी नुसती ऐकत होती. लोक काय म्हणतात, कुठे अडतात, कुठे चिडतात. मावशी मधूनमधून तिला कोपरखळी मारायच्या, “हे लिहून घे.” नवव्या दिवशी तिने मला पुसून टाकलं.

घाबरू नका. पुसल्याशिवाय नवं होता येत नाही. पण त्या अर्ध्या दिवसात मी कुठे होतो, ते मला आजही सांगता येणार नाही.

नंतर माझी जागा बदलली. वरच्या कोपऱ्यातून मी खाली आलो, अंगठा सहज टेकतो तिथे. अंग भरलं. फिका जांभळा जाऊन गडद निळा आला, त्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं. अक्षरं कितीही मोठी केली तरी मी काठाबाहेर जाणार नाही, असं तिने मला खिळवलं. या सगळ्यात रूप बिघडायला नको म्हणून तिने मला चाळीस वेळा काढलं. गडद असूनही मी देखणा आहे, हे तुम्ही बघाल तेव्हा तुम्हालाही पटेल.

राहिलं नाव. सल्लागाराने सुचवलं, “सेवा नोंदणी प्रक्रिया आरंभ.”

मावशींना ठसका लागला. “अहो, एवढं वाचेपर्यंत घरात पाणी घोट्यापर्यंत येईल!” मग त्या जरा थांबल्या. “चोवीस वर्षं लोक मला फोन करतात आणि एकच वाक्य बोलतात. ‘माणूस पाठवा.’”

धाकटीने तेच लिहिलं. मावशींनी बोट टेकवलं.

“माणूस पाठवा. बटण,” फोन स्पष्ट म्हणाला.

काय सांगू! माझं बारसं झालं. मावशींनी परत बोट टेकवलं, परत ऐकलं. आणखी एकदा. मग म्हणाल्या, “हं. आता कळलं कोण आहे ते.”

सल्लागाराने नाक मुरडलं. “बसस्थानकावरच्या पाटीसारखं दिसतंय.”

“त्या पाट्या बघूनच लोक बरोबर बसमध्ये चढतात हो,” मामा म्हणाले. आणि टेलिफोन बंद करायची तारीख त्यांनी पुढे ढकलली. रद्द नाही केली, पुढे ढकलली.

कारण दुकानावर खरोखरच वाईट वेळ आली होती. दूरच्या एका मोठ्या कंपनीचं चकचकीत अ‍ॅप बाजारात उतरलं होतं आणि बांधलेली गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे जात होती. सहा कारागिरांना पुरेसं काम मिळत नव्हतं. अशात नऊशे घरांच्या एका वसाहतीने सगळ्या दुरुस्त्यांचं वर्षभराचं काम द्यायचं ठरवलं. दोघांनाही बोलावलं, त्या कंपनीलाही आणि आम्हालाही. ते काम मिळालं तर बावीसही जणांचे हात चालू राहणार होते.

मामांना एक युक्ती सुचली. “मावशी, तुम्हीच चला. सगळ्यांसमोर तुम्ही अ‍ॅप चालवून दाखवा. लोक भारावून जातील.”

“मी नाही येणार,” मावशी म्हणाल्या.

“का हो?”

“मी काय प्रदर्शनातली वस्तू आहे? लोक टाळ्या वाजवतील, हळहळतील आणि काम दुसऱ्याला देतील. मला दाखवू नका. त्यांचे फोन त्यांच्याच हातात असू द्या. त्यांच्या चष्म्यातून त्यांना बघू दे.” आणि वर म्हणाल्या, “शिवाय टेलिफोन कोण घेणार?”

धाकटी आणि मामा दोघंच गेले. वसाहतीचं सभागृह रंगवायला काढलं होतं, म्हणून बैठक आवारात, टळटळीत उन्हात, लोखंडी खुर्च्यांवर. अकरा जणांची समिती. अध्यक्षबाई निवृत्त भूगोल शिक्षिका, भिंगासारखा चष्मा. सचिवांचा उजवा हात प्लास्टरमध्ये; स्टुलावरून दिवा बदलताना पडले होते. आमच्या माणसाला बोलावलं असतं तर ही वेळ आली नसती, असं मला फार वाटलं.

आधी मोठ्या कंपनीचा तरुण अधिकारी बोलला. गोड बोलला. पण सगळ्यांनी फोन काढले आणि कपाळावर हात धरून पडद्याकडे डोळे फाडायला लागले. अध्यक्षबाईंच्या मोठ्या अक्षरांनी त्याचं बटण खाली ढकलून दिलं. मला त्या बटणाची दया आली. मी ते भोगलेलं आहे. सचिव डाव्या अंगठ्याने वरचा कोपरा गाठायला गेले तर फोन निसटून मांडीवर पडला. अधिकारी हसून म्हणाला, “नवीन फोनवर व्यवस्थित चालतं, सर.”

मग आमची पाळी. धाकटीने भाषण केलं नाही. म्हणाली, “तुमच्या घरातलं एखादं खरंच बिघडलेलं काम बोलवून बघा.” अकरा फोनांत मी एकदम उभा राहिलो. उन्हात निळा ठळक. अध्यक्षबाईंनी नाकाशी फोन धरला. “माणूस पाठवा,” त्यांनी वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचलं आणि मला दाबलं. सचिवांचा डावा अंगठा अलगद टेकला. एकेक करत दहा जणांचं काम झालं.

अकराव्या एक आजी होत्या. त्यांची बोटं संधिवाताने वाकलेली. त्या एकेक अक्षर शोधून पत्ता लिहीत होत्या. निम्मा पत्ता झाला आणि पडद्यावर आलं, ‘वेळ संपली. पुन्हा सुरुवात करा.’

आजींनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. सगळे बघायला लागले. मामांचा चेहरा उतरला. मला कळत होतं की हे माझं काम नाही, पत्त्याच्या चौकटीचं आहे. पण एका घरात राहिल्यावर अब्रू सगळ्यांचीच जाते.

धाकटी आजींच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली. “आजी, तुमचं काही चुकलेलं नाही. हे घड्याळ मी लावलं होतं. लोक भराभर लिहितात असं मी धरून चालले. आज संध्याकाळपर्यंत ते काढते. तुम्ही माझ्याकडून तपासून घ्या.”

“किती वाजता?” आजींनी विचारलं. गंमत नव्हती ती; त्यांनी खरंच वेळ मागितली.

“सहा वाजता.”

सहा वाजता आजींनी पत्ता लिहायला घेतला. सात मिनिटं लागली. कुणी त्यांना घाई केली नाही. शेवटी त्यांनी मला दाबलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाल्कनीच्या दाराची कडी दुरुस्त झाली.

आठवड्याने अध्यक्षबाईंचा फोन आला. मावशींनीच घेतला. “काम तुम्हाला द्यायचं ठरलं,” बाई म्हणाल्या. “ते म्हणाले फोन बदला. तुमची मुलगी म्हणाली चूक माझी. नऊशे घरं आहेत हो आमची, सगळ्यांनी फोन कुठून बदलायचे?”

मावशींनी निरोप मोठ्याने सांगितला तेव्हा माळ्यावर असा गलका झाला की खालचे कारागीर पाने हातात घेऊन वर धावत आले. त्यांना वाटलं, छत कोसळलं.

त्यानंतर वर्ष लोटलं. दिवसाला दहा-बारा कामं यायची तिथे आता माझ्यावरून शंभराच्या वर जातात. बावीस कारागिरांचे एकतीस झाले. सल्लागार आजकाल ठिकठिकाणी भाषणं देतो, ‘सगळ्यांना वापरता येईल असं बनवणं हाच खरा धंदा’ या विषयावर. ही कल्पना आपल्याला कशी सुचली तेही सांगतो. मावशींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सांगू दे. ऐकून चार जण सुधारले तरी झालं.”

टेलिफोन बंद झालाच नाही. उलट त्याचा नंबर माझ्या शेजारी ठळक लिहिला आहे. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, ज्याला दाबायचं त्याने दाबावं. मावशींचा पगार वाढला आणि त्या आता अ‍ॅपच्या तपासनीस आहेत. त्यांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय नवं काहीही बाहेर जात नाही. दुसऱ्या तीन दुकानांनीही आपापली अ‍ॅपं त्यांच्याकडे तपासायला दिली आहेत आणि त्या त्याचा चोख मोबदला घेतात. धाकटी अजून चुकते. परवाच तिने कारागीर कुठे पोचला ते दाखवणारा एक नकाशा केला. मावशींनी बोट फिरवलं, फोन म्हणाला “चित्र”, आणि धाकटीने कुणी न सांगता फोन परत घेतला.

मीही काही अमर नाही. अ‍ॅपचं नवं रूप येतंय असं कानावर आहे. माझ्या जागी दुसरा येईल. येऊ दे. तुमच्यापैकी कुणी अशी बटणं घडवत असाल तर एवढंच सांगतो, आपल्या कामावर खूश होण्याआधी ते एकदा दुसऱ्याच्या हातात द्या. उन्हात उभ्या असलेल्याच्या, कडेवर मूल असलेल्याच्या, सावकाश लिहिणाऱ्याच्या. आणि तो अडखळला तर त्याच्याकडे नव्हे, माझ्याकडे बघा. चूक बहुतेक माझ्यात असते.

आज सकाळी ते घड्याळजी आजोबा मावशींशी टेलिफोनवर बोलत होते. “तुमचं अ‍ॅप आता झकास चालतं. पण सवयीने तुम्हालाच फोन केला.”

“करा की,” मावशी म्हणाल्या. “त्या बटणाला कुठे गप्पा मारता येतात?”

खरं आहे. एरवी मला दोनच शब्द येतात. आज तुम्ही ऐकत बसलात म्हणून इतकं बोललो. बरं, आता मला सोडा. कुठल्यातरी स्वयंपाकघरात पाणी वाहतंय, आणि कुणाचा तरी ओला अंगठा माझ्याकडे येतोय.